चांदीच्या दोऱ्याचं झबलं

आधीच सांगते, मी इंजिनिअर नाही. इचलकरंजीत वीस वर्षं परकर-ब्लाउज आणि शाळांचे गणवेश शिवलेली बाई आहे. गेली सहा वर्षं मी जे शिवते त्याला पुण्याची माणसं मऊ सर्किट म्हणतात. म्हणू देत. माझ्या लेखी ती शिलाईच. मी तोंडाची फटकळ, हेही आधीच सांगते. आमच्या वर्कशॉपातल्या बाया म्हणायच्या, सारिकाताईंच्या जिभेला एक टाका घालायला हवा. कुणीतरी वेळेवर घातला असता तर बरं झालं असतं.

२०३३ साली पुण्याच्या एका लहानशा कंपनीनं आमच्या गल्लीत वर्कशॉप काढलं. शिकवायला मिहीर नावाचा पोरगेला इंजिनिअर आला. पहिल्या दिवशी त्यानं आम्हा अकरा जणींना पोस्टकार्डाएवढा कागद दिला, त्यावर चिकटवायला तांब्याची पट्टी, बटणाएवढी बॅटरी आणि ज्वारीच्या दाण्याएवढा दिवा. पट्टीचा फेरा पुरा झाला की दिवा लागायचा, कुठं तुटला की विझायचा. "विजेला फक्त वाट लागते," मिहीर म्हणाला. "वाट तारेचीच पाहिजे असं नाही. कागदाची चालते, कापडाचीही चालते." दुसऱ्या दिवशी त्यानं दोरा दिला. नायलॉनचाच, पण वरून चांदीचा मुलामा. मुलामा इतका पातळ, की अख्ख्या रिळातली चांदी काढली तरी नाकातली चमकी होणार नाही. पण तेवढ्यातून वीज जाते. बॉबिनला हा दोरा, वर साधा सुती, आणि तिरकी नागमोडी शिलाई. सरळ शिलाई ताणली की तुटते, नागमोडी ताण सोसते. हे मला मिहीरनं शिकवलं नाही, मी त्याला शिकवलं.

आम्ही शिवायचो ती झबली. वेळेआधी जन्मलेल्या बाळांसाठी. अशी बाळं झोपेत मधूनच श्वास घ्यायला विसरतात. मेंदूला अजून सवय लागलेली नसते. तळपायाला एक टिचकी मारली की पुन्हा घेतात, पण ती टिचकी वीस सेकंदांत मारायला हवी, आणि चोवीस तास बाळाच्या छातीकडं कोण बघत बसणार? म्हणून झबलं. छातीभोवती दुहेरी कापडाच्या आत नागमोडी पट्टा. श्वासाबरोबर पट्टा ताणतो, सैल होतो, त्यातून जाणारी वीज कमीजास्त होते. शिवाय आतल्या बाजूनं, कातडीला लागतील असे चांदीच्या कापडाचे दोन तुकडे. ते हृदयाची धडधड टिपतात. पुढं टिचबटणानं बसवायची एक चकती, तिला आम्ही टिकली म्हणायचो. पट्टा आणि तुकडे दोन्ही ठीक म्हणाले तर टिकलीवर हिरवा दिवा. नाहीतर लाल, आणि कान किटवणारा आवाज.

पहिल्या वर्षी या आवाजानंच घोळ केला. बाळ घामेजलं, कुशीला वळलं, की तुकडा कातडीवरून सुटायचा आणि टिकली बोंबलायची. आई धावत यायची तर बाळ मजेत. दिवसातून दहादा लांडगा आला रे आला. बायांनी टिकल्या काढून कपाटात ठेवायला सुरुवात केली. मी घरोघर फिरून हे बघितलं आणि मिहीरला झापलं. "अहो, श्वास चाललाय हे पट्ट्याला कळतंय ना? मग तुकडा सुटला म्हणून कशाला ओरडायचं? गप बसवा त्याला." मिहीरनं तीन आठवडे घेतले. रुग्णालयात तीस बाळांवर तपासलं आणि नियम बदलला. तुकड्यांना धडधड लागली नाही, पण पट्टा हलतोय, तर दिवा हिरवाच. फक्त आमच्या वर्कशॉपच्या यादीत एक ओळ पडायची, अमक्या घरचं कापड तपासा. आवाज थांबला आणि टिकल्या कपाटातून बाहेर आल्या. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. मीही थोपटून घेतली.

आता अक्काचं सांगायला हवं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण रेखा, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते. माझी वेणीफणी, शाळा, लग्न, दोन्ही बाळंतपणं, सगळं अक्कानं केलं. गल्लीत कुणाकडं तान्हं बाळ आलं की अक्काला बोलावणं यायचंच. तिचा हात लागला की रडकं पोरही गप व्हायचं. तिची एकुलती एक मुलगी ईश्वरी, जयसिंगपूरला दिलेली. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर दिवस राहिले आणि एकतिसाव्या आठवड्यातच बाळंत झाली. मुलगी. वजन चौदाशे ग्रॅम. बारसं घरी नेल्यावर करू म्हणून राहिलं, तोवर सगळे तिला रुंजी म्हणायचे.

पाच आठवड्यांनी रुग्णालयातून सोडलं. ईश्वरी माहेरी आली. रुंजीची दोन झबली मी कुणाच्या हातात दिली नाहीत, स्वतः शिवली. प्रत्येक गाठीवर डिंकाचा थेंब ठेवला, मीटर लावून तीनदा तपासलं. मग अक्काला समोर बसवून पत्रक वाचून दाखवलं. कोमट पाणी, साधा साबण. पिळायचं नाही, इस्त्री नाही, ब्लीच नाही, वाळत घालायचं ते सावलीत.

"परीक्षा घेणार हाईस का?" अक्का म्हणाली. "कळलं मला. तुझ्यापेक्षा जास्त झबली धुतल्यात मी. तुझीबी धुतल्यात."

तिनं एकूण एक गोष्ट पाळली. पहिल्या आठवड्यात दोनदा लाल दिवा लागला, दोन्ही वेळा अक्कानं तळपायाला टिचकी मारली आणि रुंजी कुरकुरून श्वास घ्यायला लागली. दुसऱ्यांदा अक्कानं मला फोन केला. "तुझ्या दोऱ्यानं हाक मारली गं मला," म्हणाली, आणि फोनवरच रडली. त्या दिवशी मला जे वाटलं ते आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. मशीनवर बसले आणि दोन तास नुसती बसूनच राहिले.

तिसऱ्या आठवड्यात, बुधवारी, यादीत ओळ पडली. रेखा सातपुते यांचं घर, कापड तपासा. अशा ओळी त्या महिन्यात बऱ्याच येत होत्या. उन्हाळा लागलेला, घामानं होत असेल, असं मी धरून चालले होते. दुरुस्तीला आलेल्या झबल्यांचे तुकडे काळपट दिसायचे, ते मी उसवून नवे लावून द्यायचे. अक्काकडं रविवारी जाऊन बघते म्हटलं.

शुक्रवारी दुपारी चारला तिचा फोन आला.

"सारिके, दिवा हिरवा हाय," अक्का म्हणाली. "दिवा हिरवाच हाय, पण रुंजी गार लागतीय."

मी पोचले तेव्हा शेजारच्यांनी रिक्षा आणली होती. रुग्णालयात डॉक्टरांनी बघितलं आणि काही करण्यासारखं उरलं नाही म्हणाले. एवढ्याशा बाळाला अग्नी देत नाहीत, पुरतात. आमच्याकडं तान्ह्या बाळाचा दहावाही घालत नाहीत. तासाभरात सगळं उरकलं आणि माणसं परत आली. दिवस मोजायला काही उरलंच नाही.

झालं होतं असं. अक्कानं ईश्वरीला तेल लावून न्हाऊ घातलं, शेक दिला आणि आतल्या खोलीत झोपवलं. लेक रात्र रात्र जागते, दुपारी तरी डोळा लागू दे म्हणून. रुंजीला बाहेर साडीच्या झोळीत घातलं आणि अक्का झोका देत बसली. दुधाची वेळ झाली तशी उचलायला गेली. तोवर दिवा एकदाही लाल झाला नव्हता.

ईश्वरीच्या सासूबाई दुसऱ्या दिवशी तिला न्यायला आल्या. वाईट बाई नाही, पण दुःखात माणूस बोलून जातं. दारात उभ्या राहून कुणाला तरी म्हणाल्या, आईच दुपारची झोपली तर लेकरानं काय करावं. ईश्वरीनं ते ऐकलं. तिकडं गेल्यापासून ती झोपेनाच. रात्रभर भिंतीला टेकून बसायची आणि एकच घोकायची, मी झोपले म्हणून गेली. जावई फोनवर हे सांगताना रडत होता.

सोमवारी रुंजीचं झबलं माझ्या टेबलावर आलं. मिहीर पुण्याहून निघाला होता, पण मला दम निघेना. मी ते उलटं केलं. आतले दोन्ही चांदीचे तुकडे काळे पडले होते. मीटर लावला तर गप्प, वीज जातच नव्हती. पट्टा मात्र दोन कापडांच्या आत असल्यामुळं अगदी नव्यासारखा. घामानं एवढं काळं होत नाही. मी झबलं नाकाशी धरलं.

ओवा, वावडिंग आणि लसणाची सालं. धुरी.

आमच्याकडं तान्ह्या बाळाला न्हाऊ घातलं की शेगडीत निखारे करून त्यावर हे टाकतात आणि धूर देतात. सर्दी होऊ नये, पोट दुखू नये म्हणून. बाळाचं झबलं घालण्याआधी उलटं करून त्या धुरावर धरायचं, आतली बाजू उबदार व्हावी म्हणून. माझ्या पोरांना अशीच धुरी देऊन अक्कानं वाढवलं, आणि मलाही. लसणात गंधक असतं. त्याच्या धुरानं चांदी काळी पडते. पायातले वाळे काळे पडतात तसंच. वाळे जाड असतात, घासले की उजळतात. आमच्या दोऱ्यावर मुलामाच एवढा पातळ, की गंधक तो सगळा खाऊन टाकतं. खाली उरतं नुसतं नायलॉन. पत्रकात हे नव्हतं, कारण पत्रक लिहिणाऱ्यांच्या घरी धुरी कुणी देत नव्हतं. घरोघर धुरी देतात हे मला ठाऊक होतं. दुरुस्तीला आलेल्या झबल्यांना तो वास यायचा, तो मी नाकानं भरभरून घ्यायचे. मला आवडायचा तो.

पण पट्टा चांगला होता, मग त्यानं श्वास थांबल्याचं का सांगितलं नाही? मी झबल्यात दोन किलो तांदळाची पिशवी घातली, टिकली लावली आणि टेबलावर ठेवलं. वीस सेकंदांनी लाल दिवा आणि बोंब. बरोबर. मग ओढणीची झोळी केली, ती आढ्याच्या हुकाला बांधली, पिशवी तिच्यात ठेवली आणि हलका झोका दिला. झोळी जायची तेव्हा पट्टा ताणायचा, यायची तेव्हा सैल व्हायचा. दिवा हिरवा झाला. मी झोका देत राहिले तोवर हिरवाच राहिला. रुग्णालयातली ती तीस बाळं पलंगावर होती, तिथं झोका कोण देणार होतं?

मिहीर आला तेव्हा मी जमिनीवर बसले होते. त्याला काही सांगावं लागलं नाही, झोळी बघूनच तो समजला. त्यानं टिकलीतली नोंद काढली. झोक्याच्या मोठ्या लाटेवर रुंजीच्या श्वासाची बारीक लहर कुठं संपली ते तिच्यात दिसत होतं. रुंजीचा स्वतःचा श्वास थांबल्यावर झोका अडतीस मिनिटं चालू होता.

"नियम मी लिहिला, ताई," तो म्हणाला. "चूक माझी."

"मी लिहायला लावला," मी म्हणाले. "आणि बुधवारची ओळ मी रविवारवर ढकलली."

किती घरांत असं आहे ते आम्ही यादीवरून काढलं. चार तालुक्यांत दोनशे चौदा बाळं. त्यातल्या एकाहत्तर घरांपुढं ती ओळ होती. नियम मागं घेतला तर ही एकाहत्तर झबली दिवसभर बोंबलणार, बाया टिकल्या काढून ठेवणार, म्हणजे पुन्हा ये रे माझ्या मागल्या. झबली बदलून द्यायला हवी होती आणि धुरी थांबायला हवी होती, तीही आजच्या आज. झबलं नेलेल्या सगळ्या घरांचा फोनवर एक ग्रुप होता, त्यावर टाकायला मिहीरनं मजकूर लिहिला, झबल्यास धूर लागू देऊ नये.

"असं नाही चालणार," मी म्हणाले. "बायांना वाटेल चुलीचा धूर. धुरी असं लिहायला पाहिजे. आणि का ते लिहायला पाहिजे, नाहीतर कोण ऐकतंय? पिढ्यान् पिढ्या चालत आलंय."

"मग लिहूया."

"त्या ग्रुपवर माझी बहीण आहे. तिची मुलगी पण आहे."

मिहीर घड्याळाकडं बघत म्हणाला, "मी संध्याकाळी सातपर्यंत थांबतो. त्यापुढं नाही थांबू शकत, ताई."

त्याचं बरोबर होतं. आणि तरी मी काय केलं ते सांगते. ग्रुपची व्यवस्था माझ्याकडं होती. अक्काचं नाव काढून टाकायला एकदा बोट लावलं की झालं. ईश्वरीचंही. मशीन बिघडलं होतं एवढंच त्यांना सांगायचं, आणि ते खोटंही नव्हतं. मी अक्काच्या नावावर बोट धरून किती वेळ बसले कोण जाणे. आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण गल्लीत, बाजारात, दवाखान्यात कुणीतरी बोललंच असतं. धुरीनं गेली म्हणे ती पोर. अक्काला ते परक्याच्या तोंडून कळलं असतं. मी चप्पल घातली.

अक्का ओसरीवर बसली होती. झोळीची साडी सोडून घडी घातलेली, शेजारी ठेवलेली. मी तिच्यापुढं बसले आणि माझ्यापासून सुरुवात केली. आवाजाचं, नियमाचं, बुधवारच्या ओळीचं. मग धुरीचं सांगितलं. माझं संपल्यावर स्वतःच्या हाताकडं बघत म्हणाली,

"रोज दोनदा देत हुते. सालं साठवून ठेवलेली मी, ईश्वरीला पाचवा लागल्यापासनं."

"अक्का, तुला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक असायला हवं होतं."

"म्हंजे मी झोका देत हुते तवा..." ती थांबली. "किती वेळ गं?"

अडतीस मिनिटं. माझ्या जिभेवर आलं होतं. आयुष्यभर नको तिथं चालली ती जीभ त्या वेळी मात्र मी आवरली.

"दोन मिनिटं," मी म्हणाले. "फार तर तीन."

अक्कानं माझ्याकडं बघितलं. लहानपणी मी शाळा बुडवून आल्यावर बघायची तशी.

"पायाच्या अंगठ्यात दोरी अडकवलेली आणि मांडीवर सूप," ती म्हणाली. "ती एकदा कुरकुरली, मग गप झाली. मी म्हटलं, लागला डोळा. त्यानंतर मी दीड शेर चवळी निवडली, सारिके. तीन मिनिटांत निवडून हुतीय का चवळी?"

मला रडू आवरेना. मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तिनं माझ्या केसांतून हात फिरवला नाही, ढकललंही नाही.

मग ती म्हणाली, "त्या पोराला सांग, लिहू नगो म्हणावं. लिवल्यालं कोण वाचतंय? मी बोलते. फोन काढ."

"अक्का, ईश्वरी आहे त्या ग्रुपवर."

"म्हणूनच बोलते."

"तिला मी आधी वेगळं सांगते. समजावून. तू सांगितलंस तर ती तुझ्याशी..."

"तू समजावशील, मशीन बिघडलं, कुणाचीच चूक न्हाई," अक्का म्हणाली. "तिला पटायचं न्हाई ते. कुणाचीच न्हाई म्हटलं की ती सोताचीच धरंल. फोन काढ म्हणते न्हवं मी."

मी फोन काढला. अक्कानं पदर सारखा केला, समोर बाया बसल्या असाव्यात तसा, आणि बोलली.

"बायांनो, मी रेखा सातपुते, इचलकरंजीची. रुंजीची आजी. चांदीच्या झबल्याला धुरी देऊ नगा. मी दिली. त्या धुरानं चांदी काळी पडली आणि झबल्याला आमच्या पोरीची धडधड कळंना झाली. मी झोळीला झोका देत हुते, त्येच झबल्याला श्वास वाटलं. दिवा हिरवाच राहिला आणि पोर गेली. झबली आज बदलून मिळत्यात. तवर बाळाला झोळीत घालू नगा, खाली निजवा आणि छातीकडं बघत बसा. पोरीच्या आईची काई चूक न्हाई. ती झोपली न्हवती, तिला मीच झोपवली हुती. धुरी मी दिली, झोका मी दिला. एवढंच सांगायचं हुतं."

मी मिहीरला कळवलं आणि पावणेसातला ते पाठवून दिलं. लगेच उत्तरं यायला लागली. शिरोळच्या एकीनं विचारलं, मी आत्ताच धुरी दिली, आता काय करू. कुरुंदवाडच्या एका आजीनं नुसतंच रडणं पाठवलं. हातकणंगल्याहून दोघी जणी झबली घेऊन निघाल्याही. मी एकेकीला उत्तर देत होते. मिहीर वर्कशॉपातून गाडीत नवी झबली भरत होता. नंतर मोजलं तेव्हा त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी मिळून एकाहत्तरच्या एकाहत्तर बदलून झाली. कुठल्याही घरी काही वाईट झालं नाही. हे खरं आहे आणि याचा मला आनंद व्हायला हवा.

अक्का भिंतीला टेकून बसली होती. फोन पुन्हा वाजला, मी बघितलं आणि माझा हात थांबला.

"काय आलं?" अक्कानं विचारलं.

पुन्हा काहीतरी बनवून सांगावं असं वाटलं. पण तिच्यापुढं माझं खोटं टिकत नाही, हे आत्ताच झालं होतं.

"ईश्वरी ग्रुपमधून बाहेर पडली."

अक्का भिंतीपासून पुढं सरकली.

"ऐकून गेली, का न ऐकताच?"

मी शोधलं. ज्यांनी शेवटपर्यंत ऐकलं त्यांच्या यादीत तिचं नाव होतं.

"ऐकून."

"सगळं?"

"सगळं, अक्का."

अक्कानं मान हलवली. झोळीच्या साडीची घडी मांडीवर घेतली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवले.

"मग आज झोपंल ती," ती म्हणाली.